चूक पकडणारीला पेरू

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, रोज एक चूक करायची सवय होती. व्यवहारात नव्हे, फळ्यावर. आणि तीही मुद्दाम. इंदापूरला शाळेत जन्मभर गणित शिकवून ते रिटायर झाले, वरकुट्याला शेतावर राहायला आले आणि चार दिवसांत कंटाळले. सासूबाई आधीच गेलेल्या, बोलायला कुणी नाही. मग गावातल्या अकरावी-बारावीच्या पोरापोरींना संध्याकाळी शिकवायला लागले. फुकट.

वर्ग भरायचा आमच्या पॅकिंगच्या शेडमध्ये. दिवसभर तिथं पेरू निवडायचे, फोमच्या जाळ्या चढवायच्या, क्रेट भरायचे. गाडी गेली की रिकामे क्रेट उलटे घातले, झाली बाकं. प्लायवूडला काळा रंग मारून फळा केलेला. वर्गाला पेरूचा वास यायचा. अजून येतो.

तर ती चूक. उदाहरण सोडवता सोडवता आबा एक ओळ हळूच चुकवायचे. कुठं वजाचं अधिक, कुठं कंसाबाहेरचा दोन विसरायचा. आणि न थांबता पुढं जायचे, चेहरा असा की जणू काही झालंच नाही. जो पकडेल त्याला पेरू. क्रेटमधला नाही हं. आबा स्वतः बागेत जाऊन झाडावर पिकलेला, हाताला मऊ लागणारा तोडून आणायचे, उपरण्याला पुसून द्यायचे. आणि म्हणायचे, "शाब्बास!" असा एक शब्द की पोरं आठवडाभर छाती काढून फिरायची.

मी त्या वर्गात शिरले ती चहा घेऊन. माझं माहेर सुप्याचं. दहावीला गणितात वर्गात पहिली होते, पण सायन्सला बारामती गाठावी लागली असती, एसटीचा भरवसा नाही, पोरीची जात. घातलं आर्ट्सला. बारावी झाली, लग्न झालं. गणित कुठं गेलं ते मला विचारू नका. तर त्या दिवशी मी चहाचा ट्रे घेऊन शेडच्या दारात उभी, आबा फळ्यावर अवयव पाडतायत, आणि माझ्या तोंडातून गेलं, "आबा, तिथं वजा पायजे."

सगळी पोरं वळून बघायला लागली. मला वाटलं, मेले आता. सासऱ्याला चारचौघांत चुकीचं म्हणणारी सून! पण आबांनी खडू खाली ठेवला, सरळ बागेत गेले आणि पेरू घेऊन आले. "शाब्बास, थोरले. उद्यापासनं चहा देऊन जायचं न्हाय. बसायचं." असं म्हणाले आणि चहा त्यांनीच वाटला.

त्या दिवसापासून मी बसले. अकरावीचं झालं, बारावीचं झालं, पुढच्या वर्षी पुन्हा अकरावीचं. आबांच्या डाव्या हाताला एक लाकडी स्टूल, ते माझं. पोरं उलट्या क्रेटवर, मी स्टुलावर. पोरांना काही अडलं की आबा म्हणायचे, "थोरलीला इचार." लग्नात सोनं मिळालं, पुढं पोरं झाली, घर बांधलं, पण मला विचाराल तर या घरात माझं म्हणून काही होतं तर ते स्टूल.

आणि एक गुपित मला कळलं होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. आबा चूक केली की चष्मा पुसायचे. चूक करायची, पुढची ओळ लिहायची, मग चष्मा काढून उपरण्यानं पुसायचा. स्वतःचं हसू लपवायला असेल. पोरं फळ्याकडं डोळे फाडून बघत बसायची, मी आबांकडं बघायचे. चष्मा पुसला की मागच्या दोन ओळी तपासायच्या, चूक सापडायचीच. पेरू रोज मीच नाही घ्यायचे. पोरांना संधी द्यायचे, थांबायचे, कुणाला नाहीच दिसली तर मग मी. मोठेपणा करायला मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग धाकटी आली.

माझ्या दिराचं लग्न झालं बारामतीच्या मुलीशी. वडील नोकरीतले, घर सोसायटीतलं, मुलगी बी.एस्सी. आणि विषय कोणता? गणित! आबांनी बघायच्या कार्यक्रमातच तिला विचारलं होतं, "गणितच का घेतलंस?" ती म्हणाली, "त्यात वाद नसतो, म्हणून." आबा घरी येईपर्यंत गाडीत हेच सांगत होते. "वाद नसतो म्हणं! वा!" भिगवणला आम्ही मासे खायला थांबलो, तर तिथंही तेच. मी म्हटलं, आबा, काटा बघा, घशात जाईल.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ती शेडमध्ये आली. नवी साडी, हिरवा चुडा, आणि बसली ती पोरांच्या मागं शेवटच्या क्रेटवर. मी स्टुलावरून बघत होते. आबांनी उदाहरण घेतलं, चौथ्या ओळीला चूक केली. अजून चष्म्याला हात लागायचा होता, तोवर मागनं आवाज, "आबा, तिथे सहा नाही, आठ आहेत."

चष्मा पुसायच्या आधी!

आबा असे खुलले की काय सांगू. पेरू आणला, "शाब्बास, धाकटे!" म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, न वाजवून काय करते. वर्ग सुटल्यावर ती माझ्याकडं आली, पेरूच्या दोन फोडी केलेल्या. "ताई, अर्धा घ्या ना." मी म्हटलं, "नको बाई, माझा दात दुखतो." दात कशाला दुखतोय. दुखत होतं पोटात.

कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तशातली गत. महिन्याभरात पोरं तिला विचारायला लागली. मी शिकवायचे ते आबांचंच, आबांच्याच शब्दांत. ती दोन-दोन पद्धती सांगायची. मोबाईलवर आलेख काढून दाखवायची, बोटानं सरकवायची, पोरं माना घालून बघायची. बोलणं शुद्ध, "आहे", "नाही". माझं आपलं "हाय", "न्हाय". स्वयंपाकात मात्र अजून भाकरी थापता येत नव्हती. तेवढाच एक आधार होता मला, आणि मी तो पुरेपूर वापरला. तिची भाकरी तव्यावर फाटली की मी काही बोलायचे नाही, नुसती बघायचे.

त्यात श्रावणात आबांनी एक घोषणा केली. "पोरं वाढल्यात. अकरावीचं म्या घेतो. बारावीचा वर्ग दिवाळीनंतर तुमच्यापैकी एकीनं घ्यायचा. बघू कोण ते." एवढं बोलून जेवायला बसले. बारावीचा वर्ग! फळ्यासमोर उभं राहायचं, हातात खडू, पाठीमागं आबा बसलेले. जी पोरगी एसटी नाही म्हणून आर्ट्सला गेली, तिला याहून काय पाहिजे? आणि धाकटीला काय कमी होतं? डिग्री होती, नोकरी करीन म्हणाली असती तरी कुणी अडवलं नसतं. तिला सगळीकडं दारं उघडी होती, मला हे एकच. आणि त्याच दारात ती उभी.

तेव्हापासून मी पेरू मोजायला लागले. तिला किती, मला किती. आणि एक गोष्ट लक्षात आली, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आबा रोज एकच चूक करतात, हा नियम. इतक्या वर्षांत मोडला नव्हता. पण आता काही संध्याकाळी धाकटी दोन-दोन चुका दाखवायला लागली. एक मी किंवा कुठलं पोरगं पकडायचं, चष्मा पुसून झालेला असायचा, आणि मग थोड्या वेळानं मागनं आवाज यायचा, "आबा, आज दोन चुका! चलाखी करताय. आता दोन पेरू." आबा एक क्षण फळ्याकडं बघायचे, मग हसायचे. "सापडलो म्हनायचं!" आणि जायचे बागेत.

दुसऱ्या चुकीला ते चष्मा पुसायचे नाहीत. हे मी बघितलं होतं. माझ्या डोक्यात एकच अर्थ बसला, की माझं गुपित आबांना कळलंय. थोरली चष्म्यावरून पकडते, म्हणून तिला एक चूक चष्मा पुसून दाखवायची, आणि धाकटीसाठी एक जास्तीची, बिनचष्म्याची. तिला पेरू मिळावा म्हणून! नियम मोडला तोही तिच्यासाठी! माझ्यासाठी कधी मोडला होता का? मी तापात असतानासुद्धा वर्गाला बसले होते, तेव्हा एक तरी जास्तीची चूक केली होती का? जळली मेली ती बी.एस्सी., असं मी मोरीत भांडी आपटत म्हटलं. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "तुमच्या घरात चुकासुद्धा तोंड बघून करतात." त्याला काही कळलं नाही. तो डोकं हलवत पाण्याची मोटार चालू करायला गेला.

धाकटीशी मी बोलणं टाकलं. म्हणजे कामापुरतं. मीठ दे, गॅस बंद कर. ती ताई ताई करत मागं यायची. एकदा म्हणाली, "ताई, तुमच्याशी आबांबद्दल बोलायचं होतं." मी म्हटलं, "आबांबद्दल तूच बोल, तुलाच जास्त कळतंय." आणि धुणं घेऊन वर गेले.

दिवाळी जवळ आली तसे आबा वर्तुळ आणि रेषेवर आले. हा त्यांचा सगळ्यांत आवडता धडा. एक समीकरण साधं, रेषेचं. दुसरं वर्गाचं, वर्तुळाचं. दोन्ही मिळून सोडवायचं. हा धडा आबा शेडमध्ये सुरूच करायचे नाहीत. शेजारच्या उसात रेनगन लावतात, ती गरगर फिरते आणि पाणी गोल पडतं. मधून आमचा बांध सरळ जातो. आबा पोरांना त्या बांधावर उभं करायचे. "बांध ही रेषा. पाणी पडतंय ते वर्तुळ. आता सांगा, बांध कुठनं भिजाय लागतो आन् कुठं कोरडा हुतो? ती दोन टोकं म्हंजी उत्तर." रेनगन लांब सरकवली की पाणी बांधाला एकाच जागी लागतं, मग उत्तर एक. आणखी लांब नेली की बांध कोरडाच, उत्तर नाही. पोरं भिजायची, खिदळायची. आणि शेवटी आबा बोट वर करून म्हणायचे, "ध्यानात ठेवा. उत्तर दोघांचं पायजे. पाण्याच्या कडंवर बी पायजे आन् बांधावर बी पायजे. नुसतं पाण्याच्या कडंवर उभं राहिलं तर तुमी लोकांच्या उसात उभं हाय!"

हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेत म्हणाले असते.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये उदाहरण घेतलं. वाय बरोबर एक्स अधिक एक, हा बांध. एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग बरोबर पंचवीस, हे पाणी. आबांनी वायच्या जागी एक्स अधिक एक ठेवलं, वर्ग केला, आवरासावर केली, अवयव पाडले. एक्स बरोबर तीन, नाहीतर वजा चार. तोवर सगळं बरोबर. मी चष्म्याकडं लक्ष ठेवून होते. आज पेरू मला पाहिजेच होता. दिवाळीच्या आतला शेवटचा आठवडा, आबा आता ठरवणार.

आता खरं तर या दोन किमती घेऊन बांधाकडं जायचं. तीनमध्ये एक मिळवला की चार, वजा चारमध्ये एक मिळवला की वजा तीन. संपलं. दोन उत्तरं. पण आबा बांधाकडं गेलेच नाहीत. ते पाण्याकडं गेले. तीनचा वर्ग नऊ, पंचवीसातून नऊ गेले सोळा, म्हणून वाय बरोबर चार किंवा वजा चार. वजा चारचा वर्ग सोळा, राहिले नऊ, वाय बरोबर तीन किंवा वजा तीन. आणि खाली ओळीनं चार उत्तरं लिहिली. पोरं माना खाली घालून उतरवून घेत होती.

चार! सरळ बांध गोल पाण्याला चार जागी कसा छेदेल?

मी आबांकडं बघितलं. चष्मा पुसला नाही. म्हणजे ही धाकटीसाठीची चूक! मी मागं बघितलं. धाकटी खाली मान घालून पदराच्या टोकाशी खेळत होती. तिला दिसलंच नव्हतं! बी.एस्सी.ला दिसलं नव्हतं! माझ्या मनात असा आनंद उसळला की काय सांगू तुम्हाला. लग्नात झाला नव्हता एवढा.

मी उभीच राहिले. "आबा! चार कुठनं आली? ताळा करा ताळा! एक्स तीन आन् वाय वजा चार, ही जोडी बांधावर बसतच न्हाय!"

पोरं ओरडली, "आबांची चूक! आबांची चूक!" मी धाकटीकडं बघितलं, घे म्हटलं. तिनं वर बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडलेला. मला वाटलं, हरल्यामुळं.

आबा फळ्याकडं वळले. चष्म्यातून बघत राहिले. "बसतंय की," ते म्हणाले. "तीनचा नऊ, वजा चारचा सोळा. पंचवीस. बसतंय."

"पाण्यावर बसतंय आबा, पर बांधावर न्हाय." मला वाटलं खेळवतायत. "लोकांच्या उसात उभं हाय ते!"

पोरं हसली. आबा हसले नाहीत. त्यांचा खडू धरलेला हात वर गेला, एका उत्तरावर थांबला, खाली आला. मग ते माझ्याकडं वळले आणि हळू आवाजात, जणू मी मास्तर आणि ते पोरगं, असं म्हणाले, "ह्यात बांध कुठं हाय?"

बांध फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात होता. त्यांच्याच हातानं लिहिलेला, खाली दोन रेघा मारलेला.

तेवढ्यात मागनं धाकटी मोठ्यानं हसत उठली. "काय आबा! मुद्दाम चूक करायची आणि वर विचारायचं बांध कुठाय! पोरांनो, आज आबांनी सगळ्यांना फसवलं, पण ताईंना नाही फसवता आलं. आबा, पेरू!" असं म्हणत ती फळ्यापाशी आली सुद्धा, वरच्या समीकरणाखाली बोट ठेवलं, जणू पोरांना दाखवतेय. आबांनी तिच्या बोटाकडं बघितलं. मग सावकाश त्यांचा चेहरा सैल झाला. "सापडलो म्हनायचं," ते म्हणाले, आणि बागेत गेले.

तेच शब्द. दुसऱ्या पेरूच्या वेळी ते नेहमी हेच म्हणायचे.

मी स्टुलावर बसले. सगळ्या जास्तीच्या चुका डोळ्यापुढून गेल्या. बिनचष्म्याच्या चुका. त्या धाकटीसाठी नव्हत्या. कुणासाठीच नव्हत्या. आबा चष्मा पुसायचे नाहीत कारण आबांना आपण चुकलोय हेच माहीत नसायचं. आणि ती मागं बसून प्रत्येक वेळी त्यावर खेळाचं पांघरूण घालायची. मी जे पेरू मोजत होते ते हे.

आबा पेरू घेऊन आले, उपरण्याला पुसला, मला दिला. मी घेतला. हातात दगड ठेवल्यासारखा वाटला.

वर्ग सुटल्यावर मी धाकटीला स्वयंपाकघरात गाठलं. ती कणीक मळत होती.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"श्रावणाच्या आधीपासून. आधी वाटलं, वय झालंय, होतं एखादं. मग वाढायला लागलं. परवा घरी येताना शेडचं कुलूप कुठल्या बाजूला असतं ते विचारत होते."

"आन् मला सांगितलं न्हायस?"

तिनं कणकेतला हात थांबवला. माझ्याकडं सरळ बघितलं. "ताई, तुम्ही माझ्याशी बोलत होतात का?"

तिचं खरं होतं. मी पाट ओढला आणि बसले. ती म्हणाली, "आज मी मुद्दाम गप्प बसले. सगळी पोरं उतरवून घेत होती, म्हटलं नंतर एकेकाला गाठून दोन उत्तरं खोडायला सांगेन. चार उत्तरं म्हणजे जरा जास्तच झालं होतं. खेळ म्हणून खपलं नसतं." मग हळूच म्हणाली, "पण तुम्ही उठलात."

आता तुम्ही म्हणाल, मला आबांसाठी रडू आलं असेल. आलं की. पण त्याआधी जे आलं ते सांगते, कारण तेच खरं. मला वाटलं, हिला आधी कळलं. इतकी वर्षं आबांच्या डाव्या हाताला मी बसले, त्यांचा चष्मा, उपरणं, खडू धरायची पद्धत, सगळं मला पाठ. आणि माणूस निसटायला लागला ते कळलं कुणाला? शेवटच्या क्रेटवर बसलेलीला, काल आलेलीला. ती फळ्याकडं बघत होती आणि मी पेरूकडं. पेरू परवडला, पण हे मला सहन होईना. अजून होत नाही.

माझ्या नवऱ्याला आणि दिराला सांगितलं. आबांना बारामतीला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी आबांना सोप्या सोप्या वजाबाक्या विचारल्या. आबांनी पहिल्या दोन केल्या आणि मग डॉक्टरांकडं संशयानं बघून म्हणाले, "तुमी चूक करा, म्या पकडतो." गोळ्या दिल्या. वर्ग बंद करू नका, म्हणाले, जेवढं चालतंय तेवढं चालवा.

बारावीच्या वर्गाचं आबा पुन्हा बोललेच नाहीत. विसरले असतील. आम्ही दोघींनीही विषय काढला नाही. आता वर्ग आबाच घेतात, म्हणजे सुरुवात तेच करतात. माझं स्टूल डावीकडं, आणि उजवीकडं मी धाकटीसाठी दुसरं आणून ठेवलं. तिच्यासाठी म्हणून नव्हे. दोन्ही बाजूंनी लक्ष राहावं म्हणून. आबांनी काही चुकवलं की आमच्यातली एक ओरडते, "आबा, सापडलात!" आणि पोरं हसतात. पोरांनाही आता कळलंय, असं मला वाटतं. पण तीही ओरडतात. भाकरी धाकटीला अजून जमत नाही. मी आता ती फाटली की उचलून माझ्या ताटात घेते. बोलायचं तेवढं बोलतेच.

परवाची गोष्ट. पुन्हा तोच धडा, बांध आणि पाणी. आबा त्या दिवशी छान होते, आवाजसुद्धा जुना. भराभर लिहीत गेले. एका ओळीत दोन एक्सच्या जागी फक्त एक्स लिहिला, पुढची ओळ लिहिली, आणि चष्मा काढून उपरण्यानं पुसायला लागले.

कितीतरी दिवसांनी! ही खरी चूक होती. म्हणजे मुद्दामची, आबांची, हक्काची. धाकटीनं माझ्याकडं बघितलं. तिलाही दिसली होती, तिला काय दिसत नाही? पण तिनं ओठ दाबून धरले आणि मान किंचित हलवली. तुम्ही पकडा, असं.

मी उठले. "आबा, तिथं दोन एक्स पायजे."

आबांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, जे ते चष्म्याआड लपवायचे. खडू ठेवला. कुणाचा हात न धरता बागेत गेले. आम्ही सगळे शेडच्या दारात उभं राहून बघत होतो, वाट चुकतात की काय. नाही चुकले. दोन झाडं चाचपली, तिसऱ्याचा तोडला, सावकाश परत आले. उपरण्याला पुसला. माझ्यासमोर उभे राहिले, माझ्या डोळ्यात बघितलं आणि पेरू माझ्या हातात ठेवला.

"शाब्बास, धाकटे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "व्हय आबा."

ते पुन्हा फळ्याकडं वळले. धाकटी माझ्या जवळ सरकली, डोळे भरलेले, आणि कानाशी म्हणाली, "ताई, मी सांगू का त्यांना?"

"गप बस," मी म्हटलं.

आणि तो अख्खा पेरू मी तिथंच उभ्यानं खाल्ला. तिला एक फोडसुद्धा दिली नाही.